५ ची ७ झाली का? फुफ्फुसातली गाठ वाढली हे कसं ठरवायचं

परळीजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलं आहे. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय ६२. तीस वर्षं विडी ओढली, आठ वर्षांपूर्वी सोडली. तरुणपणी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला होता. पाच महिन्यांपूर्वी खोकला हटेना म्हणून सीटी स्कॅन काढला, तर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ५ मिलीमीटरचा नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ, निघाला. खोकला औषधाने गेला. आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या सेंटरवर परत सीटी काढला, तर रिपोर्टमध्ये ७ मिलीमीटर लिहून आलं. एक डॉक्टर म्हणतात सुई घालून तुकडा काढा, दुसरे म्हणतात टीबीची औषधं सुरू करा, तिसरे म्हणतात सहा महिने थांबा. नातेवाईक म्हणतात उद्याच्या उद्या मुंबई गाठा. मुलाचा प्रश्न एवढाच आहे: गाठ वाढली का, आणि आम्ही कोणाचं ऐकावं?

मी लातूरला रेडिओलॉजिस्ट आहे. छातीचे सीटी वाचण्यात एकवीस वर्षं गेली. अण्णांच्या सीडी मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे ती गाठ कशाची आहे हे मला इथून सांगता येणार नाही, आणि सीडी न पाहता कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण "वाढली का" हे कसं तपासायचं, ते सविस्तर सांगतो. तिन्ही डॉक्टरांचे सल्ले त्या एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत.

आधी हिशोब बघू. गाठ साधारण गोल असते आणि ती सगळ्या बाजूंनी वाढते. रिपोर्टमध्ये मात्र आम्ही व्यास लिहितो. व्यास चौथ्या हिश्श्याने वाढला की आकारमान जवळपास दुप्पट होतं. म्हणजे ५ ची सव्वासहा झाली की गाठ दुप्पट झाली. ५ ची ७ खरोखर झाली असेल तर ती पावणेतीन पट झाली. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याचा हरभरा झाला म्हणा. हे पाच महिन्यांत झालं असेल तर दुप्पट व्हायला तिला साधारण शंभर दिवस लागले. फुफ्फुसाचा घट्ट, म्हणजे आतून भरीव, गाठीचा कर्करोग बहुतेक वेळा १०० ते ४०० दिवसांत दुप्पट होतो. महिन्याभरातच दुप्पट झालेली गाठ बहुधा जंतुसंसर्गाची असते, आणि घट्ट गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर ती निरुपद्रवी धरतात.

म्हणून हा आकडा खरा असेल तर सहा महिने थांबणं चूक आहे. आणि खोटा असेल तर ६२ वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसात सुई घालणं चूक आहे. पहिलं काम हा आकडा खरा की खोटा ते ठरवण्याचं.

तो खोटा कसा असू शकतो? काकडीच्या चकत्या डोळ्यांसमोर आणा. सीटीचं मशीन छातीच्या अशाच चकत्या करतं. जुन्या पद्धतीत किंवा घाईच्या दिवशी या चकत्या ५ मिलीमीटर जाडीच्या घेतात. गाठच ५ मिलीमीटरची असेल तर ती अर्धी एका चकतीत, अर्धी दुसऱ्या चकतीत जाते, आणि दोन्हीकडे तिची कड पुसट दिसते. त्या पुसट कडेवर मापाची रेघ कुठे ठेवायची हे वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं. चकत्या १ मिलीमीटरच्या असतील तर कड स्वच्छ दिसते. तुमच्या दोन सीटींपैकी एक जाड चकत्यांचा आणि एक बारीक चकत्यांचा असेल, तर ते दोन आकडे एका तराजूत घालताच येत नाहीत.

दुसरं कारण श्वासाचं. पहिल्या वेळी अण्णा खोकत होते, श्वास धरता आला नसेल. दुसऱ्या वेळी छाती भरून श्वास धरला असेल. फुफ्फुस किती फुगलं आहे त्यावरही मापात फरक पडतो, आणि श्वास हलला तर गाठही हलल्यासारखी दिसते.

तिसरं कारण आमच्या लिहिण्याच्या सवयीचं. कोणी गाठीचा सर्वांत लांब व्यास लिहितो, कोणी लांबी आणि रुंदीची सरासरी काढून लिहितो. योग्य पद्धत सरासरीची आहे. लांबट गाठ असेल तर एकीचंच ७ आणि ५ होऊ शकतं, गाठ तसूभरही न वाढता.

चौथी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आकडा पूर्ण मिलीमीटरमध्ये लिहितात. पहिल्या वेळी मशीनवर ५.४ आलं असेल तर रिपोर्टमध्ये ५ लागतं, दुसऱ्या वेळी ६.६ आलं असेल तर ७ लागतं. कागदावर फरक २, खरा फरक १.२. आणि १.२ चा फरक तर एकच सीटी एकाच डॉक्टरने सकाळी आणि संध्याकाळी मोजला तरी पडतो. म्हणूनच फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत निदान २ मिलीमीटर फरक असल्याशिवाय वाढ म्हणू नये असं सांगितलं आहे. अण्णांचा फरक बरोबर त्या उंबरठ्यावर बसला आहे.

इथे मला माझ्या हातून झालेली चूक सांगायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी निलंग्याकडची एक बाई तपासणीला आली होती. सोबत जुना कागदी रिपोर्ट होता, त्यात ६ मिलीमीटर. फिल्म घरी राहिली होती. मी मोजली तर ८ भरली, आणि मी रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं: आकार वाढला आहे. त्या एका ओळीवर त्या घराने बैलजोडी विकली आणि मुंबई गाठली. तिथे त्यांनी जुनी फिल्म मागवून घेतली, दोन्ही शेजारी लावून पाहिलं, गाठ तेवढीच होती. जुन्या रिपोर्टमध्ये तिची रुंदी लिहिलेली होती, मी लांबी मोजली होती. पंधरा दिवसांनी तिचा मुलगा माझ्याकडे आला, फिल्मचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता उभा राहिला. त्या दिवसापासून जुनी चित्रं उघडून शेजारी लावल्याशिवाय मी "वाढली" हा शब्द लिहीत नाही. जुनी चित्रं नसतील तर तसं स्पष्ट लिहितो: तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही.

तेव्हा तुमचं पहिलं काम हे: दोन्ही सेंटरवरून सीडी मिळवा. कागद नको, छापील फिल्मही पुरेशी नाही, कारण फिल्मवर निवडक चकत्याच छापतात. सेंटरच्या कॉम्प्युटरवर सगळा स्कॅन काही महिने तरी असतो. काउंटरवर जाऊन "सगळ्या बारीक चकत्यांसकट सीडी द्या" असं म्हणा. मग दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टसमोर ठेवा, आणि दोन्ही त्याच्याकडूनच, एकाच बैठकीत मोजून घ्या. शक्य असेल तिथे गाठीचं आकारमान मोजणारं सॉफ्टवेअर वापरायला सांगा. आकारमानात पाव हिश्श्याहून जास्त फरक आला तर ती वाढ धरतात.

दुसरं काम त्याहून मोलाचं ठरू शकतं. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, आपल्याकडे घरोघरी "स्कोअर" काढायला छातीचे सीटी झाले. परळी, अंबाजोगाई, बीड, लातूर, कुठलंही सेंटर घ्या, रांगा लागल्या होत्या. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष करोनाच्या डागांवर होतं, एवढीशी गाठ रिपोर्टमध्ये लिहायची राहूनही गेली असेल. पण सीडीत ती असेल तर आहे. अण्णांचा तेव्हा सीटी झाला होता का? कपाटात, पेटीत, गादीखाली शोधा. त्या स्कॅनमध्ये ही गाठ तेवढीच दिसली आणि ती घट्ट प्रकारची असली, तर तुमचा बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. माझ्याकडे महिन्यातून एखादं तरी कुटुंब असं येतं, घाबरून आलेलं, आणि करोनातली सीडी मशीनवर लावली की दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

जुन्या टीबीच्या वेळचा एक्स-रे सापडला तर तोही आणा. एक्स-रेमध्ये ५ मिलीमीटरची साधी गाठ सहसा दिसत नाही, पण चुना धरलेली गाठ दिसते. टीबी बरा होताना गाठीत चुना भरतो. सीटीमध्ये गाठ आतून बाहेरपर्यंत पूर्ण चुन्याची असेल, किंवा तिच्या मधोमध चुना असेल, तर ती जुन्या आजाराची खूण धरून सोडून देता येते. गाठीत चरबी दिसली तर तीही बहुतेक वेळा साधी गाठ असते. फुफ्फुसाच्या दोन भागांमधल्या पडद्याला चिकटलेली, त्रिकोणी, गुळगुळीत कडेची बारीक गाठ ही बहुधा फुफ्फुसातली लसिकाग्रंथी, म्हणजे शरीराच्या संरक्षणाची नेहमीचीच ग्रंथी, असते. या सगळ्यांच्या मागे धावायचं नसतं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये चुन्याबद्दल आणि कडेबद्दल काय लिहिलं आहे ते तुम्ही कळवलेलं नाही. ते बघा.

आता टीबीच्या औषधांबद्दल, कारण या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाश्चात्त्य नियमांत फुफ्फुसाच्या वरच्या भागातली गाठ जास्त संशयाची मानतात, कारण तिकडे कर्करोग तिथे जास्त आढळतो. आपल्याकडे टीबीचीही तीच आवडती जागा आहे. त्यामुळे वरच्या भागात आहे एवढ्यावरून आपल्याकडे इकडचा किंवा तिकडचा निकाल लावता येत नाही. अण्णांना पूर्वी टीबी झाला आहे, म्हणजे जुना व्रण असण्याची शक्यता चांगलीच आहे. पण जुन्या व्रणाच्या शेजारीच कर्करोग उगवल्याचंही मी पाहिलं आहे, आणि तीस वर्षांची विडी विसरता येत नाही. म्हणून "टीबी झाला होता, टीबीच असेल, सहा महिने औषधं घेऊन बघू" हा रस्ता मला पटत नाही. पुराव्याशिवाय औषधं दिली, तर गाठ टीबीची नसल्यास सहा महिने हातचे जातात, यकृतावर ताण येतो तो वेगळा. आधी बेडका तपासा. सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते, आणि टीबी निघाला तर औषधंही मोफत मिळतात. अण्णांना आता खोकला नाही, बेडका पडत नाही, वजन घटलेलं नाही, ताप नाही, असं असेल तर एका ७ मिलीमीटरच्या गाठीवर टीबीचा उपचार सुरू करण्याचं कारण मला दिसत नाही.

पेट स्कॅनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात, आणि ते जास्त ओढून घेणारा भाग चित्रात चमकतो. ८ मिलीमीटरपेक्षा लहान गाठीत पेट स्कॅनवर भरवसा ठेवता येत नाही, गाठ कर्करोगाची असूनही ती चमकत नाही. आणि आपल्याकडे उलटाही घोटाळा होतो: चालू टीबीची गाठ पेट स्कॅनवर अगदी कर्करोगासारखी चमकते. एवढ्या लहान गाठीत सुईची तपासणीही अवघड असते. श्वासाबरोबर ती हलते, सुई चुकते, तुकड्यात काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असंही म्हणता येत नाही, आणि फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरण्याचा धोका असतो. म्हणून ७ मिलीमीटरला सुई हा माझा पहिला सल्ला नसतो. गाठ खरंच वाढते आहे हे पक्कं झालं की मग सुई किंवा ऑपरेशन यांवर बोलणं सुरू होतं.

गाठीचा प्रकारही विचारून घ्या. आतापर्यंत मी घट्ट गाठीबद्दल बोललो. एक प्रकार धुरकट गाठीचा असतो. काचेवर वाफ धरावी तशी ती दिसते, आणि तिच्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. अशा गाठीतल्या पुष्कळ गाठी आपोआप विरून जातात, त्या साध्या सुजेच्या असतात. पण टिकून राहिली तर तिची चाल फार मंद असते, दुप्पट व्हायला तीन-पाच वर्षंही लागतात. तिथे दोन वर्षांचा नियम लागू पडत नाही, निदान पाच वर्षं नजर ठेवावी लागते. औश्याकडच्या एका शिक्षिकेची अशी ९ मिलीमीटरची गाठ होती. विडी-सिगारेटचा संबंध नाही, लहानपणापासून चुलीचा धूर तेवढा. दोन वर्षं काही फरक नाही म्हणून त्यांनी येणं थांबवलं. मी फोन करून बोलावलं ते चौथ्या वर्षी. माप तेवढंच होतं, पण धुरकट भागाच्या मध्ये एक घट्ट ठिपका उगवला होता. ऑपरेशन झालं, सुरुवातीचाच कर्करोग निघाला, आज त्या ठणठणीत आहेत. धुरकट गाठीत मापापेक्षा हा घट्ट ठिपका महत्त्वाचा असतो, आणि तो फक्त बारीक चकत्यांच्या सीटीतच नीट दिसतो.

अण्णांची गाठ घट्ट प्रकारची आहे, चुना नाही, असं धरून मी काय करेन ते सांगतो. ६ ते ८ मिलीमीटरच्या घट्ट गाठीला नियमाप्रमाणे ६ ते १२ महिन्यांनी सीटी, मग विडीसारखा धोका असेल तर १८ ते २४ महिन्यांनी आणखी एक, असं पाहतात. तिसरे डॉक्टर सहा महिने थांबा म्हणाले ते या नियमाला धरूनच आहे, त्यांनी दुर्लक्ष केलेलं नाही. पण वाढीची शंका मध्ये आल्यामुळे मी एवढं थांबणार नाही. दोन्ही सीडी शेजारी लावून फरक खोटा ठरला तर सहा महिन्यांचा रस्ता बरोबर. पहिला सीटी जाड चकत्यांचा असल्यामुळे तुलनाच होत नसेल, तर आत्ताचा स्कॅन पाया धरून तीन महिन्यांनी परत सीटी. खरंच शंभर दिवसांत दुप्पट होणारी गाठ असेल तर तोवर ती ९ च्या आसपास गेलेली दिसेल, आणि मग शंकेला जागा राहणार नाही. आणि आत्ताच वाढ पक्की ठरली, तर छातीच्या डॉक्टरांना आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एकत्र दाखवा. त्यासाठी लगेच मुंबईच गाठायला हवी असं नाही, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. अण्णांना पूर्वी कुठला कर्करोग झाला असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर मात्र हे वेळापत्रक त्यांना लागू नाही, ते डॉक्टरांना आधी सांगा.

तीन महिने थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे, ती तपासणीच आहे. पण ती तारखेला झाली तरच. आपल्या भागात हे मोडतं ते ऊसतोडीच्या हंगामात. दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. वडवणीकडच्या एका मुकादमाला मी तीन महिन्यांनी बोलावलं होतं, तो सात महिन्यांनी आला. ९ ची १४ झाली होती. वाईट वाटतं ते यासाठी, की तारीख ठरवताना तो कोणत्या महिन्यात कुठे असेल हे मी त्याला विचारलंच नव्हतं. आता विचारतो. माणूस बाहेर असणार असेल तर तो जिथे असेल तिथल्या सेंटरचं नाव कागदावर लिहून देतो, सोबत किती जाडीच्या चकत्या हव्यात तेही. अण्णांची तीन महिन्यांची तारीख सुगीच्या किंवा लग्नाच्या दिवसांत येत असेल तर आठ-दहा दिवस इकडे-तिकडे चालतील. चार महिने चालणार नाहीत.

मधल्या काळात थुंकीत रक्त दिसलं, आवाज बसून तीन आठवडे राहिला, कारण नसताना वजन उतरलं, किंवा दम लागू लागला, तर तारखेची वाट न बघता दाखवा.

पुन्हा पुन्हा सीटी काढल्याने किरणांचा त्रास होईल का, हेही घरात कोणीतरी म्हणत असेल. गाठीवर नजर ठेवायला कमी किरणांचा सीटी पुरतो. त्यात साधारण दीड मिलिसिव्हर्टच्या (हे किरणांचं माप) आत किरणं लागतात, आणि माणसाला निसर्गातून वर्षभरात सरासरी २.४ लागतातच. या सीटीला शिरेतून औषध टोचायचीही गरज नसते, त्यामुळे उपाशी राहायला नको आणि खर्चही कमी. सेंटरवर जाताना तोंडाने सांगा: "गाठीच्या तुलनेसाठी आलोय, कमी किरणांचा, एक मिलीमीटरच्या चकत्यांचा, इंजेक्शनशिवाय." जमलं तर दुसरा सीटी जिथे काढला त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर काढा, आणि जुन्या सीडी सोबत न्या.

जायच्या दोन दिवस आधीपासून अण्णांना घरी बाजेवर उताणं झोपवा, हात डोक्याच्या वर घ्यायला लावा, आणि छाती भरून श्वास घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा सराव करून घ्या. खोकल्याची उबळ येत असेल तर त्या दिवशी सीटी काढू नका, चार दिवसांनी जा.